पिल्लू हाताला चावतं: खेळतंय की वैतागलंय?

शेवंती

मंडळी, जरा मदत हवी आहे. पाच आठवड्यांपूर्वी एका रिकाम्या खोक्यात एकटंच ओरडत असलेलं मांजरीचं पिल्लू सापडलं, ते घरी आणलं. तेव्हा ती पाच-सहा आठवड्यांची असावी असं पशुवैद्य म्हणाले, म्हणजे आता दहा-अकरा आठवड्यांची. नाव ठमी. खाणंपिणं उत्तम, वजन छान वाढतंय, जंतांचं औषध झालंय, लिटर बॉक्स पहिल्या दिवसापासून वापरते. तक्रार एकच, ती चावते.

सकाळी पांघरुणाखाली पाय हलला की झडप. खोलीतून बाहेर पडताना दाराआड दबा धरून बसलेली असते आणि घोट्याला मिठी मारून चावते. हात पुढे केला की दोन्ही पंजांनी मनगट पकडून मागच्या पायांनी लाथा झाडते. हे एक वेळ समजू शकते. पण मांडीवर घुरघुरत पडलेली असते, मी पाठीवरून हात फिरवत असते, आणि मध्येच मान वळवून कचकन चावते. इतकी गोड घुरघुरत असताना असं का करावं?

माझी सात वर्षांची मुलगी आता तिला हात लावायला घाबरते. घरात कुणीतरी म्हणालं की आईविना वाढलेलं पिल्लू तापटच निघतं, काही उपाय नाही. खरंच असं असतं का?

नीरव

दात येत असतील. लहान मुलांना नाही का हिरड्या शिवशिवतात, तसंच. काहीतरी चघळायला द्या, आपोआप थांबेल.

रानवारा

शेवंतीताई, मी गेली बरीच वर्षं सोडून दिलेली पिल्लं घरी आणून मोठी करतो आणि मग चांगलं घर बघून देतो. त्यामुळे हाताला ओरखडे कायमचेच. तुमच्या ठमीबद्दल वाचून अजिबात काळजी वाटली नाही, हे आधी सांगतो.

नीरव, दात हे कारण आत्ता लागू होत नाही. पिल्लाचे दूधदात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून फुटायला लागतात आणि आठव्या आठवड्याच्या आसपास सगळे २६ आलेले असतात. ते पडून कायमचे ३० दात यायला सुरुवात होते साडेतीन-चार महिन्यांची झाल्यावर, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ते चालू राहतं. तेव्हा ठमी आणखी थोडी चावरी होईल, हे मनात धरून ठेवा. पण आजचा चावा हिरड्यांचा नाही.

मुख्य मुद्दा असा की तुम्ही एकाच दमात दोन अगदी वेगळे चावे लिहिले आहेत. घोट्याचा चावा आणि मांडीवरचा चावा. पहिला म्हणतो "चल, खेळू या". दुसरा म्हणतो "बास". दोन्हींवर एकच औषध केलं तर एक बरा होतो आणि दुसरा बिघडतो.

घोट्याचा चावा आधी घेऊ. पिल्लं चौथ्या आठवड्यापासून भावंडांशी कुस्ती खेळायला लागतात. दबा धरणं, उडी मारणं, मिठी मारून मानेला चावणं, मागच्या पायांनी लाथा, सगळं ओळीने. ही शिकारीची तालीम आहे. या कुस्तीत एक फार मोठी गोष्ट शिकून होते, ती म्हणजे चावताना जोर किती लावायचा. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला चावलं तर ती पंजाने दाबून धरते किंवा उठून चालायला लागते. चावणाऱ्याच्या लक्षात येतं की जोर जास्त झाला की मजा संपते. असं दिवसातून पन्नास वेळा होतं आणि दोन महिन्यांत पिल्लाचा जबडा आपोआप हलका होतो.

ठमीला ही शाळा अर्धवट सोडावी लागली. भावंडं नाहीत, आई नाही, आणि हलणारी एकच गोष्ट समोर आहे, ती म्हणजे तुमचे हातपाय. २०१७ साली हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त दिसला, आणि निदान १४ आठवडे पिल्लू आईजवळ ठेवावं असा सल्ला त्यांनी दिला. म्हणजे तुमच्या घरी जे बोललं गेलं त्यात तथ्याचा अंश आहे. पण "काही उपाय नाही" हे मात्र साफ चूक. शाळा राहिली असेल तर ती आता तुम्ही घ्यायची.

कशी, ते सांगतो. हात हे खेळणं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. पाहुण्यांनीसुद्धा. एकजण बोटं नाचवून खेळवतो आणि दुसरा त्याच बोटांसाठी रागावतो, यात पिल्लाचा सगळा गोंधळ उडतो. काठीला दोरीने पीस बांधलेलं खेळणं आणा किंवा घरी करा, म्हणजे दात आणि तुमचा हात यांत दोन-तीन फूट अंतर राहतं. कुस्तीची हौस भागवायला तिच्या अंगाएवढी लांबट कापडी उशी द्या, तिला मिठी मारून लाथा झाडू द्या. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं खेळवा. पीस जमिनीवरून सरपटत न्या, कोपऱ्याआड लपवा, मध्येच स्थिर ठेवा. शेवटी तिला ते पकडू द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम आहे. तो पूर्ण झाला की घोट्यांवरचे हल्ले निम्म्याने कमी होतात, हा माझा अनुभव.

एक गोष्ट निक्षून सांगतो. खेळून झालं की दोरी उचलून कपाटात ठेवायची. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं तिला अवघड जातं आणि तो पोटात गेला तर आतडी गोळा होऊन ऑपरेशनची पाळी येते. लोकर, रिबन, शिवणाचा दोरा, सगळ्याला हेच लागू.

आणि चावलीच तर हात हिसडून ओढू नका. पळणारी वस्तू म्हणजे शिकार, ती आणखी घट्ट धरते, आणि ओरखडा लांब उमटतो तो त्यामुळेच. हात एकदम ढिला सोडा, निर्जीव. जमलं तर किंचित तिच्याच दिशेने न्या, पकड सुटते. मग न बोलता उठा आणि अर्धा-एक मिनिट दुसरीकडे जा. "आई गं" असं जोरात ओरडावं असं काही जण सांगतात. काही पिल्लं त्याने दचकून थांबतात, पण बरीचशी आणखी चेकाळतात. मी शांतपणे उठून जाणंच पसंत करतो.

पिंपळपान

एवढं कशाला? नाकावर हलकी टिचकी मारायची किंवा पाण्याचा फवारा. आमच्याकडे सगळी मांजरं अशीच वाढली.

अबोली

पिंपळपानदादा, तुमचा हेतू समजतो, पण हा सल्ला कृपया कुणी घेऊ नका. खेळात असलेल्या पिल्लाला टिचकी म्हणजे समोरून आलेला पंजा. एक तर ते दुप्पट जोराने उलट येतं, किंवा हात दिसला की घाबरायला लागतं. दुसरं जास्त वाईट. चेहऱ्याकडे येणारा हात मारतो एवढं एकदा ठसलं की पुढे गोळी देताना, डोळ्यात थेंब घालताना, कान तपासताना रोज झटापट. फवाऱ्यानेही ते थांबतं ते तुम्ही समोर असेपर्यंत.

मानगूट धरून उचलणंही नको. आई तोंडात धरून नेते तेव्हा पिल्लू निपचित होतं हे खरं, पण ते अगदी तान्ह्या वयाचं. आपण तसं लटकवलं की ते भीतीने गोठतं आणि आपल्याला वाटतं शांत झालं.

पिंपळपान

अबोलीताई, पटलं. आमचा जुना बोका हात दिसला की कायम मागे सरायचा, आता त्याचं कारण लक्षात येतंय. वाईट वाटलं.

अबोली

रानवारा यांनी खेळाबद्दल छान लिहिलंय. मी मांडीवरच्या चाव्याबद्दल लिहिते, कारण माझ्या आधीच्या मांजरीच्या बाबतीत तो समजायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत मी तिला लहरी म्हणत राहिले.

मांजराचं अंग हे स्पर्श टिपण्यासाठीच घडलेलं आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा मिशा, भुवयांवर काही, गालांवर काही, आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला मनगटापाशीही काही राठ केस असतात. या केसांची मुळं साध्या केसांपेक्षा खूप खोल असतात आणि भोवती मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. अंधारात पकडलेला उंदीर नेमका कुठे आहे हे तिला या केसांवरून कळतं. एवढ्या तल्लख कातडीवर आपण एकाच जागी, एकाच लयीत, वीस-पंचवीस वेळा हात फिरवतो. पहिल्या चार वेळा ते सुख असतं, दहाव्या वेळेला त्याची टोचणी होते.

जागेचाही मोठा फरक पडतो. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात २०१५ साली यावर काम झालं. अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी हात फिरवून पाहिल्यावर शेपटीच्या मुळाशी मांजरांची नाराजी सगळ्यात जास्त दिसली. गाल, हनुवटी, कान आणि डोळे यांच्यामधला भाग बहुतेकांना आवडतो, कारण तिथे वासाच्या ग्रंथी असतात आणि मांजरं एकमेकांना तिथेच घासतात. शेवंतीताई, तुम्ही हात पाठीवरून पार शेपटीपर्यंत नेता का?

घुरघुरीवर भरवसा ठेवू नका. मांजर आनंदात घुरघुरतं तसं दुखत असताना आणि घाबरल्यावरही घुरघुरतं. घुरघुर अचानक थांबली तर तो मात्र इशारा समजा. तसे इशारे बरेच असतात. शेपटीचं फक्त टोक हलायला लागतं, मग अख्खी शेपटी आपटते. पाठीची कातडी थरथरते. कान बाजूला वळतात, बाहुल्या मोठ्या होतात. डोकं झटकन तुमच्या हाताकडे वळतं. चावा हा या रांगेतला शेवटचा. आधीचे सगळे वाया गेले तर तो येतो.

तीन वेळा हात फिरवून थांबायचं, ही सवय लावा. हात बाजूला जमिनीवर ठेवा. तिने डोकं हाताला लावलं तर पुन्हा तीन वेळा. नाही लावलं तर संपलं. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने बॅटरसी या आश्रयगृहातल्या मांजरांसोबत केलेलं एक काम २०२१ साली आलं होतं. जवळ यायचं की नाही हे मांजराला ठरवू द्या, तिच्या अंगाकडे लक्ष ठेवा, आणि हात शक्यतो डोक्यापुरता ठेवा, एवढंच माणसांना थोडक्यात शिकवलं. तेवढ्यानेच मांजरं जास्त जवळ आली आणि चावणं-फिसकारणं कमी झालं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, हो, मी शेपटीपर्यंतच हात नेते. मला वाटायचं तिला ते आवडतं, कारण ती पाठ उंचावते.

चार दिवस तिच्या अंगाकडे बघत बसले. तुम्ही लिहिलेली कातडीची थरथर मला आधी कधीच दिसली नव्हती. परवा संध्याकाळी उजेडाच्या बाजूला बसले होते म्हणून दिसली. सहाव्या वेळेला हात फिरला आणि पाठीच्या मागच्या भागावर, पाण्यात खडा पडावा तसा, एक तरंग उठला आणि विरला. शेपटीचं टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी हात उचलला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पंजावर डोकं ठेवलं. चावली नाही! म्हणजे इतके दिवस ती मला सांगत होती आणि मी ऐकत नव्हते.

एक शंका. ती स्वतःहून उताणी पडते, पोट दाखवते, आणि पोटाला हात लावला की चारही पाय वर येतात. मग दाखवते कशाला?

रानवारा

पोट दाखवणं म्हणजे "तुझ्यासमोर मला भीती वाटत नाही" असं सांगणं. हात लावायचं आमंत्रण ते बहुतेक वेळा नसतं. पोट ही सगळ्यात नाजूक जागा, आणि उताणं पडून चारही पाय मोकळे ठेवणं हा लढाईतला बचावाचा पवित्राही आहे, म्हणून तिथे हात गेला की पाय आपोआप मिटतात. तिने पोट दाखवलं की तिच्याकडे बघून डोळे हळूच मिटा आणि उघडा. बरीच मांजरं तसेच डोळे मिटून उत्तर देतात. मला स्वतःला हे उत्तर मिळालं की दिवस चांगला जातो.

पाठ उंचावणं म्हणजे दरवेळी आवडणं नव्हे. शेपटीच्या मुळाशी हात गेला की अंग आपसूक वर येतं. काहींना ते आवडतंही, पण क्षणभरच.

सावली

मध्येच विचारते. दुसरं पिल्लू आणलं तर प्रश्न सुटेल का? दोन पिल्लं एकमेकांना शिकवतात असं ऐकलंय.

रानवारा

शिकवतात. एकाच वयाची दोन पिल्लं असतील तर माझं अर्धं काम तीच करतात. म्हणून मी शक्यतो जोडीने देतो.

अबोली

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. दोघांना आयुष्यभर सांभाळायची मनापासून इच्छा असेल तर जरूर आणा. पण चावणं थांबावं एवढ्यासाठी आणू नका. खेळाचा चावा कमी होईल, मांडीवरचा चावा नाही होणार, तो आपल्या हाताचाच प्रश्न आहे. आणि घरात म्हातारं मांजर असेल तर त्याच्यावर पिल्लू सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रानवारा

म्हाताऱ्या मांजराबद्दल शंभर टक्के सहमत.

कवडसा

चावल्यावर काय करायचं हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मागे एका पिल्लाने बोटाच्या सांध्यावर चावा घेतला. दोन बारीक ठिपके, रक्त जेमतेम थेंबभर. मी पाणी लावून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट वाकेना, हात मनगटापर्यंत लाल आणि गरम. अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला, सांधा मोकळा व्हायला तीन आठवडे गेले.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मांजराचे दात सुईसारखे, जखम अरुंद पण खोल. वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत कोंडले जातात. पाश्चुरेला नावाचा जंतू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच. त्यामुळे दात आत गेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, आणि हात किंवा सांधा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

शेवंतीताई, ठमी सापडलेली आहे, तिचा आधीचा इतिहास माहीत नाही आणि रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर देतात. म्हणून आत्तापर्यंत कातडी फुटेल असा चावा किंवा ओरखडा झाला असेल तर तुमच्या डॉक्टरांना लगेच विचारा. मुलीला झाला असेल तर नक्कीच. घाबरवण्यासाठी नाही लिहिलं, पण यात थांबून बघायचं नसतं. पिसवांचं औषधही वेळच्या वेळी द्या. ओरखड्यांतून होणारा ताप पसरतो तो पिसवांमुळे, आणि पिल्लांकडून जास्त.

शेवंती

कवडसा, बरं झालं लिहिलंत. ओरखडे आहेत. आज संध्याकाळीच मुलीला घेऊन जाते.

सावली

माझा प्रश्न खरं तर माझ्या मांजरासाठी होता. बोका, वय चार, आजवर कुणालाही चावला नाही. गेल्या आठवड्यापासून कमरेपाशी हात लागला की फिसकारतो. मला वाटलं एकटेपणाने चिडचिड होतेय, म्हणून दुसरं पिल्लू आणायचा विचार.

अबोली

सावली, पिल्लाचा विचार आधी बाजूला ठेवा आणि त्याला पशुवैद्याकडे न्या. मोठं, शांत मांजर अचानक स्पर्श टाळायला लागलं की पहिला संशय दुखण्याचाच. गळू, दात, कान, सांधे, पिसवांची ॲलर्जी, काहीही असू शकतं. मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात. नेण्याआधी तपासायला म्हणून दाबून बघू नका.

सावली

नेऊन आणलं. केसांखाली जुन्या भांडणाच्या चाव्याचं गळू होतं, वरून काहीच दिसत नव्हतं. साफ करून औषध दिलंय. आज पहिल्यांदा नीट झोपला. अबोलीताई, खूप आभार.

शेवंती

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.

मुलीचं आणि माझं लसीकरण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे झालं. ठमीलाही लस दिली. घोट्यांवरचे हल्ले सकाळी एखादा, तोही दात न लावता नुसता पंजा. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं पिसामागे पळवते आणि मग जेवण, त्यामुळे पांघरुणातले पायही सुरक्षित आहेत. मध्ये एक आठवडा ती पुन्हा फार चावरी झाली होती. तेव्हा रानवारादादांचं "आणखी थोडी चावरी होईल" हे वाक्य आठवून धीर धरला.

मुलीला मी फक्त एक काम दिलं होतं, जमिनीवर बसायचं, हात बाजूला उघडा ठेवायचा आणि शेपटीचं टोक बघायचं. पहिले तीन दिवस ठमी लांबूनच बघून गेली. चौथ्या दिवशी तिने बोटांचा वास घेतला आणि गाल घासला. मुलगी मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन", आणि हात परत जमिनीवर. ठमी डोकं तळव्यात खुपसते, पुन्हा "एक, दोन, तीन". काल असं सात वेळा झालं. आठव्या वेळेला ठमी उठून खिडकीत जाऊन बसली, आणि मुलगी मला कुजबुजत म्हणाली, "आई, तिचं पोट भरलं."

नीरव, तुमचे दात आता आले बरं का. आज सकाळी गादीवर मोहरीएवढा एक दात सापडला. मुलीने तो काडेपेटीत कापसावर ठेवलाय.